सोनिया: आत्याने कानात सांगायचं नाव



आजचं वाचन गीतेच्या सहाव्या अध्यायातला आठवा श्लोक. ज्याचं मन ज्ञानाने आणि अनुभवाने तृप्त झालंय, इंद्रियं ताब्यात आहेत, त्याला मातीचं ढेकूळ, दगड आणि सोनं सारखंच वाटतं, असं भगवंत सांगतात. लोष्ट म्हणजे ढेकूळ, अश्म म्हणजे दगड, कांचन म्हणजे सोनं. हाच समास चौदाव्या अध्यायात गुणातीताच्या वर्णनात पुन्हा येतो (१४.२४), तेव्हा ज्यांनी मागचं चिंतन वाचलंय त्यांना तो आठवत असेल.

हा श्लोक मी वर्षानुवर्षं वाचते. पाठ आहे. पण ज्ञान आणि सोनं हे दोन शब्द एकाच श्लोकात शेजारी शेजारी आहेत, हे माझ्या लक्षात आलं ते मागच्या महिन्यात, भावाशी भांडल्यावर. भांडण नावावरून झालं. त्याची गोष्ट आज सांगते. चूक माझीच होती, आधीच कबूल करून टाकते.

माझं माहेर हातखंबा. मुंबईहून गोव्याकडे जाताना बावनदी ओलांडून निवळीचा घाट चढलात की पुढे जो तिठा लागतो, जिथून रत्नागिरीचा रस्ता फुटतो, तेच. माझा धाकटा भाऊ तिथे सुतारकाम करतो. दारं, खिडक्या, देव्हारे, कपाटं. त्याला मुलगी झाली. पत्रिका काढली तर नक्षत्र पूर्वाभाद्रपदा, दुसरा चरण, म्हणजे नावाचं अक्षर 'सो'. दोघा नवराबायकोंनी ठरवलं, सोनिया.

मी डोंबिवलीहून फोनवर जे बोलले ते आता लिहायलाही लाज वाटते. "हे काय नाव आहे? परदेशी नाव. इटलीचं. देवाचं नाव ठेव ना! अजामिळाने मुलाचं नाव नारायण ठेवलं म्हणून शेवटच्या क्षणी तरला, वाचलंयस का कधी?" त्याने वाचलेलं नव्हतं. मला ते माहीत होतं, म्हणूनच मी विचारलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, तू खूप वाचतेस," आणि फोन ठेवला. पुढचे तीन आठवडे फोन नाही, मेसेज नाही. वहिनीचा स्टेटस तेवढा दिसायचा, बाळाची मूठ, बाळाचे पाय.

पण बारशाला नाव ठेवतं कोण? आत्याच ना. म्हणजे मला जायचं होतंच, आणि जे नाव मला पटत नव्हतं तेच बाळाच्या कानात सांगायचं होतं.

मग मी काय करावं? हे नाव कसं चुकीचं आहे याचे पुरावे गोळा करायला बसले. बसताना हेतू चांगला नव्हता, हे लक्षात ठेवा.

सोनिया हे नाव इटलीत सर्रास आहे, पण ते मूळचं तिथलं नाही. रशियात सोफिया नावाच्या मुलीला घरात लाडाने सोन्या म्हणतात. आपण विठ्ठलाचा विठू करतो, पांडुरंगाचा पांडू, तसंच. हे लाडाचं नाव पुढे स्वतंत्र नाव झालं आणि युरोपभर पसरलं. त्यात रशियन कादंबऱ्यांचा हात मोठा. टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'मध्ये एक सोन्या आहे. दोस्तोयेव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये (१८६६) दुसरी, आणि ती मला फार जवळची वाटली. गरिबीने जिला नको त्या मार्गाला लावलं अशी ती मुलगी. खून करून आलेला माणूस तिच्या खोलीत येतो, आणि ती त्याला बायबलमधली मेलेला लाझरस उठून उभा राहिल्याची कथा वाचून दाखवते. रोज धर्मग्रंथ वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो प्रसंग एकदा वाचावा. तिचा आवाज थरथरतो, पण ती वाचत राहते.

आपल्याकडे मात्र सोनिया म्हटलं की एकच चेहरा डोळ्यांसमोर येतो. राजकारणात मला इथे शिरायचं नाही, कमेंटमध्ये तुम्हीही शिरू नका. नावापुरतं सांगते. सोनिया गांधींचं जन्मनाव एडविजे अँटोनिया अल्बिना मायनो. जन्म १९४६, उत्तर इटलीतलं लुसियाना गाव. वडील स्तेफानो दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या आघाडीवर लढून आलेले. घरात तिघी बहिणींना हाका मारायची नावं अनुष्का, सोनिया आणि नादिया, तिन्ही रशियन वळणाची. ज्या देशाविरुद्ध बाप लढला त्या देशातली नावं त्याच्या मुलींना! आणि स्तेफानो हे नाव तरी कुठलं? तेही ग्रीक. 'स्तेफानोस' म्हणजे मुकुट, डोक्यावर घालायची माळ.

आता मूळ नाव, सोफिया. इटलीत गेली कित्येक वर्षं मुलींच्या नावांत ते अगदी वरच्या जागी असतं. हा शब्द शुद्ध ग्रीक, अर्थ शहाणपण, ज्ञान, प्रज्ञा. 'फिलॉसॉफी' या शब्दाचा शेवटचा तुकडा तोच: शहाणपणावरचं प्रेम. मुंबईत भुलाभाई देसाई रस्त्यावरच्या सोफिया कॉलेजसमोरून मी शंभर वेळा गेले असेन, नावाचा अर्थ काय हे एकदाही मनात आलं नाही. इस्तंबूलची प्रसिद्ध हागिया सोफिया, ५३२ ते ५३७ या पाच वर्षांत उभी राहिलेली, सोफिया नावाच्या कुणा बाईची नव्हेच. त्या नावाचा अर्थ 'पवित्र प्रज्ञा'. आपण एखाद्या मंदिराला ज्ञानमंदिर म्हणावं तसं. सोफिया नावाची संत आहे, पण ती वेगळी. तिच्या कथेत तिला तीन मुली आहेत, नावं श्रद्धा, आशा आणि प्रीती. रशियन भाषेत आशा म्हणजे नादेझ्दा, आणि तिचं लाडाचं रूप नादिया. म्हणजे त्या इटालियन घरात एका बहिणीचं नाव प्रज्ञा आणि दुसरीचं आशा.

आपल्या गल्लीत प्रज्ञा आणि आशा किती आहेत मोजा.

इथपर्यंत येऊन मी जरा थांबले. पुरावे माझ्या बाजूने येत नव्हते.

मग बायबलमधलं नीतिसूत्रांचं पुस्तक उघडलं. मराठी बायबल मोबाइलवर सहज मिळतं. तिथे ज्ञान ही बाई आहे. ती रस्त्यावर, चव्हाट्यावर, वेशीच्या तोंडाशी उभी राहून लोकांना हाका मारते. मूळ हिब्रूत तिला 'होखमा' म्हणतात, ग्रीक भाषांतरात तीच सोफिया झाली. आणि ते पुस्तक एकच गोष्ट तीन ठिकाणी (अध्याय ३, ८, १६) घोळवून सांगतं की ज्ञान मिळणं हे सोनं मिळण्यापेक्षा चांगलं. मी मोबाइल खाली ठेवला आणि गीतेचा सहावा अध्याय उघडला. ज्ञानाने तृप्त झालेला माणूस, आणि त्याच्यापुढे ढेकळासारखंच पडलेलं सोनं. दोन ग्रंथ, दोन टोकाचे देश, पण तराजू तोच.

इथे एक फरक आहे, तो नजरेआड करू नका. नीतिसूत्रं सोनं आणि ज्ञान यांची तुलना करून ज्ञानाचं पारडं जड ठरवतात. गीता तुलना करायला बसतच नाही. ती म्हणते, ज्ञान झालं की सोन्याचं सोनेपण मनातून सुटतं. ते फेकून द्यायला सांगत नाही. दगडही फेकायला सांगत नाही. मला हे सोपं वाटायचं. "मला कुठे सोन्याचा हव्यास आहे!" दागिन्यांचा नसेलही. पण 'आपलं नाव' आणि 'परकं नाव' यात मी एकाला कांचन आणि दुसऱ्याला लोष्ट ठरवून मोकळी झाले होते, आणि तेही गीतेचा आधार घेऊन.

'आपलं' म्हणजे काय, हा प्रश्न पुढे आणखी अवघड झाला. ज्या पत्रिकेवरून 'सो' अक्षर आलं ती पत्रिका घ्या. त्यात केंद्रस्थानं असतात. केंद्र हा शब्द ग्रीक 'केंत्रोन'वरून आलेला. होरा हा ग्रीक 'होरा'. ज्योतिषातलं 'आपोक्लिम' तर उच्चारावरूनच पाहुणं वाटतं. हे शब्द यवनांकडून, म्हणजे ग्रीकांकडून, आपल्या ज्योतिषात आले. वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त मोकळेपणाने लिहून ठेवलंय की यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट वसलंय, म्हणून ऋषींसारखा त्यांचाही मान होतो. सहाव्या शतकातला माणूस हे बोलून गेला आणि मी २१व्या शतकात डोंबिवलीत बसून भावाला झापत होते.

आणि माणसं? मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी स्तंभ उभा आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. तक्षशिलेहून ग्रीक राजा अँटिअल्किडसचा वकील म्हणून आलेल्या, दिऑनचा मुलगा हेलिओडोरसने तो देवदेव वासुदेवाचा गरुडध्वज म्हणून उभारला. लेखात तो स्वतःला भागवत म्हणवतो. त्याच लेखात अमृतपदाकडे नेणाऱ्या तीन गोष्टी कोरल्यात: दम, त्याग आणि अप्रमाद, म्हणजे सावधपणा. हेलिओडोरस म्हणजे सूर्याने दिलेला. आपल्या भाषेत सूर्यदत्त. इटलीत हेच नाव एलिओदोरो असं आहे. हा माणूस कृष्णाचा भक्त झाला आणि नाव ग्रीकच ठेवून राहिला. त्याला कुणी म्हटलं असेल का, आधी देवाचं नाव घे मग ये? तिथली माणसं त्या स्तंभाला 'खांब बाबा' म्हणून पुजत आली. हे वाचताना मला आमचं हातखंबा आठवून हसू आलं. तसा त्या नावाचा आणि या खांबाचा काही संबंध नाही हो, उगाच पसरवू नका.

उलटं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत १७ नंबरच्या लेण्यात एक लेख आहे. लेणं खोदवणारा सांगतो की मी उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा योनक, म्हणजे ग्रीक. नाव काय? इंद्राग्निदत्त. बापाचं नाव धर्मदेव. मुलाचं धर्मरक्षित. तिन्ही पिढ्यांची नावं आपल्या वळणाची, आणि तरी तो अभिमानाने सांगतो मी योनक. एकाने नाव बदललं, एकाने नाही. दोघांनीही दगडात भक्ती कोरली, एकाने वासुदेवासाठी, दुसऱ्याने बुद्धासाठी.

तरीही माझा अजामिळाचा मुद्दा उरतोच. तो पोकळ नाही. मुलांना देवाची नावं ठेवायची, म्हणजे दिवसातून पन्नास वेळा हाक मारताना आपोआप नामस्मरण होतं, ही आपल्या आजी-आजोबांची युक्ती मला आजही आवडते. ती मोडावी असं मी म्हणत नाही. फक्त दहावा अध्याय पुन्हा वाचला. चौतिसाव्या श्लोकात भगवंत सांगतात की स्त्रीरूपांत कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती आणि क्षमा मी आहे. मेधा! आणि चार श्लोक पुढे, ज्ञानवंतांचं ज्ञान मी आहे. मग सोफिया म्हणून मारलेली हाक कुणाला जाते?

एक गोष्ट राहिली, आणि मला भावाकडे परत नेणारी तीच. ग्रीक साहित्यात 'सोफिया' हा शब्द सगळ्यात आधी भेटतो तो होमरच्या 'इलियड'मध्ये, पंधराव्या सर्गात, आणि त्या अख्ख्या काव्यात तेवढा एकदाच. तिथे तो कुणा तत्त्वज्ञाबद्दल नाही. सुताराबद्दल आहे. जहाजाचं लाकूड सुतात सरळ करणारा कसबी सुतार, त्याच्या हातातलं जे ज्ञान, ती सोफिया. ग्रंथांतलं ज्ञान हा अर्थ नंतर आला, आधी रंधा आणि दोरी.

माझा भाऊ गेरूत बुडवलेलं सूत फळीवर ताणतो आणि टिचकी मारून रेघ उमटवतो, ते मी लहानपणापासून बघतेय. एवढं वाचून झाल्यावर मी त्याला व्हॉइस मेसेज पाठवला. सात मिनिटांचा! माफी त्यात पाचव्या मिनिटाला आली, कारण आधी मी होमर समजावत बसले. सवय. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. पाळण्याचा फोटो, आणि खाली, "पॉलिश बाकी आहे. शनिवारी येतेस ना?"

शनिवारी पहाटे तिठ्यावर उतरले. तो स्कूटर घेऊन उभा होता. बोललो काहीच नाही, फक्त रस्त्याच्या कामाला दोघांनी मिळून शिव्या घातल्या.

घरी आजी ओटीवर बसलेली. वय नव्वदीच्या घरात, कान गेलेत, अभंग शाबूत. मी जरा अपराधी मनाने तिला विचारलं, तुला चालेल ना हे नाव? तिने माझ्याकडे असं बघितलं जणू मीच बहिरी.

"काय गो बाय, अभंगात नाय काय सोनिया? सोन्याचा दिवस न्हवं तो?"

मी गप्प. ज्ञानदेवांच्या नावावरचा तो अभंग, सोन्यासारखा उगवलेला दिवस आणि अमृताचा पाऊस, लताबाईंच्या आवाजात माझ्या फोनवर रोज सकाळी वाजतो. जुन्या मराठीत 'सोने' या शब्दाला विभक्ती लागताना 'सोनिया' असं रूप होतं. तेच पुढे झिजून 'सोन्या' झालं, आणि 'सोन्याचा', 'सोन्याला' असं आपण आजही म्हणतो. बाळाला "ये रे माझ्या सोन्या" म्हणतो तो सोन्याही त्याच घरातला. एवढं अभंग-अभंग करणारी मी, इटलीपर्यंत जाऊन आले, आणि माउलींच्या ओळीतला शब्द ओळखला नाही. आजीला इटली कुठे आहे ते माहीत नाही. तिच्या लेखी हे नाव परदेशी कधी नव्हतंच.

स्पष्ट सांगते, या दोन सोनियांचं नातं काही नाही. एक ग्रीक शहाणपणाचं रशियन लाडकं रूप, दुसरं मराठी सोन्याचं जुनं रूप. आवाज जुळला, बस. "रशियन नाव मुळात मराठी" असलं काही फॉरवर्ड करू नका, माझ्या नावावर तर नकोच. पण एका मुलीच्या नावात ज्ञान आणि कांचन दोन्ही येऊन बसलेत, आणि आजचा श्लोकही त्या दोघांचाच, हे मला विसरता येत नाही.

रविवारी बारसं झालं. घुगऱ्या शिजल्या होत्या, पाळण्याला झेंडूच्या माळा. आधी वरवंट्याला कुंची घालून बाळासारखा नटवला आणि पाळण्याखालून-वरून फिरवला. अश्म. मग बाळाला ठेवलं, गळ्यात मी नेलेले दोन सोन्याचे मणी. कांचन. ढेकूळ शोधायला लांब जायला नको, शेजारची पोरं अंगणातल्या तांबड्या मातीचे पाय घेऊन थेट पाळण्यापर्यंत आली होती आणि वहिनी त्यांच्यावर ओरडत होती.

मी वाकले. मागून बायकांनी पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली, एकीने तर जुना हिशोब चुकता केल्यासारखा घातला. कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं आणि तीनदा सांगितलं, सोनिया, सोनिया, सोनिया. ती झोपलेलीच होती. तिसऱ्यांदा ओठ जरासे हलले.

आजीने लांबून ओरडून विचारलं, "काय ठेवला गो नाव?" भाऊ तिच्या कानाशी वाकला आणि माझ्याच सुरात त्यानेही तीनदा सांगितलं.

उद्या याच अध्यायातला नववा श्लोक घेऊ. त्यात मित्र, शत्रू, परका आणि भाऊबंद सगळे एका रांगेत येतात. शक्य असेल तर आज रात्रीच एकदा वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी.